एकच फुल-सस्पेन्शन सायकल ठेवायची तर १२० की १४० मिमी? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

चढाओढ

क्रॉस-कंट्री आणि ट्रेल, दोन्हीकडे चालेल अशी एकच फुल-सस्पेन्शन सायकल ठेवायची असेल, तर मागे १२० आणि पुढे १२० किंवा १३० मिमी ट्रॅव्हल (चाक सस्पेन्शनवर जितकं वरखाली हलतं ते अंतर) पुरे. त्यापुढे जाण्याचं कारण बहुतेकांकडे नसतं. १४०-१५० घेणारे मोजक्या दहा उतारांसाठी ती घेतात आणि तिचं ओझं उरलेल्या सगळ्या चढांवर वाहत बसतात.

कार्बन फ्रेमची १२०ची सायकल पेडल धरून साडेअकरा-बारा किलोत बसते. १४०ची त्याच दर्जाची सायकल चौदाच्या खाली क्वचित येते. शिवाय "एक्ससीची (क्रॉस-कंट्रीची) सायकल म्हणजे नाजूक" ही समजूत आता जुनी झाली. १९९६ला अटलांटात हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला तेव्हाचे मार्ग आणि आजचे मार्ग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २०१२ला लंडनमध्ये यारोस्लाव कुलहावी फुल-सस्पेन्शनवर सुवर्ण घेऊन गेला, २०१६ला रिओत निनो शुर्टरही. आज दगडांच्या बागा आणि उड्या असलेले मार्ग ही मंडळी १२०वरच मारतात.

उतारू

ऑलिम्पिकवाल्यांचं उदाहरण देऊ नका हो. त्यांच्या मागे मेकॅनिक उभा असतो आणि शर्यत दीड तासात संपते. आपल्यासारख्यांचा कस लागतो तो चौथ्या तासाला, हात भरून आल्यावर.

आता वजनाचा हिशोब. ३ किलो जास्त वजन ५०० मीटर उंच चढवायला ३ × ९.८१ × ५००, म्हणजे साधारण १४,७०० ज्यूल लागतात. २०० वॅटने पेडल मारणाऱ्याला हे ७४ सेकंदांचं काम. अख्ख्या डोंगराला सव्वा मिनिट! यासाठी एवढी हाकाटी?

चढावर खरा चोर टायर आहे. मऊ रबराची, उंच गाठींची ट्रेल टायरची जोडी आणि बारीक गाठींची एक्ससीची जोडी यांत सपाटीलाच वीसएक वॅटचा फरक सहज पडतो. लोक टायरचा दोष ट्रॅव्हलच्या माथी मारतात. १४०च्या सायकलला मागे जलद टायर लावा, अर्धी तक्रार तिथेच संपेल.

चढाओढ

गणित बरोबर, पण ते एकसारख्या वेगाच्या गुळगुळीत चढाचं. ट्रेलवर दर पन्नास मीटरला वळण, थांबा, पुन्हा झटका. शिवाय १४०ला ३० टक्के सॅग (नुसतं बसल्यावर सस्पेन्शन जितकं दबतं ते) म्हणजे मागचं चाक बसल्या जागी ४२ मिमी आत. १२०ला २५ टक्के म्हणजे ३०. बॉटम ब्रॅकेट (पेडलचा धुरा) तितका खाली बसतो आणि दगडाळ चढावर पेडल दगडाला लागतं. पेडल लागलं की पाय टेकला, पाय टेकला की त्या चढावर पुन्हा सुरुवात होत नाही.

आणि ६४.५ अंशांचा हेड अँगल (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचा जमिनीशी कोन; कमी म्हणजे फोर्क जास्त पुढे झुकलेला). उतारावर झकास, कबूल. पण ताशी पाच किलोमीटरने तीव्र चढ चढताना पुढचं चाक दारू प्यायल्यासारखं डावी-उजवीकडे जातं.

उतारू

ते चाक भरकटतं कारण माणूस मागे बसलेला असतो. सीट अँगल (सीटच्या नळीचा कोन) ७६-७७ अंश असेल तर वजन आपोआप पुढे येतं. खोगीर रेल्सवर पाच-सात मिमी पुढे सरकवा, नाक किंचित खाली करा, फरक लगेच कळतो. जुन्या ७४ अंशांच्या फ्रेमवरून अख्ख्या जातीला नावं ठेवू नका.

उलट बाजू बघा. ६७.५ अंशांच्या हेड अँगलची सायकल उंच पायरीवरून उतरताना पुढचं चाक खड्ड्यात अडकलं तर माणूस हँडलवरून पुढे. तिथे ड्रॉपर (चालवताना खोगीर खाली घेता येणारी नळी), टायर, ब्रेक, काहीही लावा, कोन बदलत नाही.

ग्रीसचा_डबा

दोघंही आकड्यावर भांडताय. मागचा भाग कसा जोडलाय याबद्दल कोणीच बोललं नाही.

आजच्या बऱ्याच १२०च्या फ्रेममध्ये मागच्या ॲक्सलजवळ पिव्होटच (फिरता सांधा) नसतो. सीटस्टे (मागच्या चाकापासून सीटकडे जाणारी नळी) स्वतःच दोन-तीन अंश वाकतो. वजन वाचतं आणि बदलायची बेअरिंगं कमी. ट्रॅव्हल वाढलं की वाकणंही वाढतं, म्हणून १४०ला तिथे सहसा खरा पिव्होट लागतो. म्हणजे देखभाल जास्त. पिव्होटचं बेअरिंग चाकासारखं गोल फिरत नाही, चार-दहा अंशांत मागेपुढे हलतं. त्यामुळे गोळ्या त्याच त्या जागी दाबत राहतात, ग्रीस बाजूला ढकललं जातं, पाणी शिरतं आणि वाटीत खळगे पडतात. प्रेशर वॉशरची धार पिव्होटवर मारली तर हे सगळं एका मोसमात होतं.

तपासायचं असं: शॉकचा (मागच्या सस्पेन्शनचा) एक बोल्ट काढा, चाक काढा, मागचा त्रिकोण हाताने वरखाली फिरवा. लोण्यासारखा फिरला पाहिजे. खरखर किंवा अडकून अडकून हलणं म्हणजे बेअरिंग गेलं. मग बाजूने हलवून बघा, टकटक आली तर आधी पिव्होटचे बोल्ट टॉर्क रेंचने फ्रेमवर लिहिलेल्या आकड्याला कसा. अंदाजाने कसू नका, ॲल्युमिनियमचा आटा एकदाच माफ करतो.

खडीवाट

मग मधला मार्ग का नाही? १२०ची फ्रेम घ्यायची आणि पुढे १४०चा फोर्क टाकायचा. चढाला हलकी, उताराला सैल, म्हणजे हेड अँगल कमी.

ग्रीसचा_डबा

नको. फोर्क २० मिमी लांब केला की पुढचा भाग वर उचलला जातो. हेड अँगल जेमतेम ०.९ अंशाने सैल होतो, म्हणजे हवा होता तेवढा फायदा नाहीच. बदल्यात बॉटम ब्रॅकेट सहा-सात मिमी वर, रीच (बॉटम ब्रॅकेटपासून, फोर्क जिच्यात बसतो त्या हेड ट्यूबपर्यंतचं आडवं अंतर) नऊएक मिमी कमी, आणि सीट अँगलही तितकाच मागे पडतो. उतारू यांनी वर जे खोगीर पुढे सरकवायला सांगितलं, त्याच्या बरोब्बर उलटं. लांब फोर्क हेड ट्यूबला जास्त पिळतो म्हणून फ्रेमची वॉरंटीही जाते. १० मिमी वाढवायचं तर उत्पादकाने परवानगी दिलीय का ते बघा. २० नाहीच.

आणि ट्रॅव्हल कमी पडतंय असं म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांचा सॅगच चुकलेला असतो. १९० × ४५चा शॉक असेल तर स्ट्रोक (शॉक दबण्याचं अंतर) ४५ मिमी, त्याचे २५ टक्के म्हणजे ११ मिमी. लॉकआउट (सस्पेन्शन घट्ट करणारी कळ) उघडा. पाण्याची पिशवी, हेल्मेट, सगळं अंगावर घेऊन भिंतीला हात टेकून बसा. दोनदा दाबून स्थिर व्हा, शॉकच्या दांड्यावरची रबराची रिंग सीलला टेकवा, मग अलगद उतरा. उडी मारून उतरलात तर रिंग पुढे जाते आणि आकडा खोटा. हवा भरताना दर ५० पीएसआयला (हवेच्या दाबाचं एकक) थांबून शॉक पाव स्ट्रोकपर्यंत आठ-दहा वेळा सावकाश दाबा, नाहीतर आतल्या दोन्ही कप्प्यांत दाब सारखा होत नाही. पंप काढताना जो फुस्स आवाज येतो तो पंपाच्या नळीतल्या हवेचा. त्यासाठी पाच पीएसआय "वरखर्चाला" जास्त भरू नका.

सॅग बरोबर असूनही शॉक तळाला ठोकत असेल तर हवा वाढवू नका, एक व्हॉल्यूम स्पेसर (हवेचा कप्पा लहान करणारा तुकडा) टाका.

उतारू

सॅगचं शंभर टक्के पटलं. पण मग हेही मान्य करा की १४०ची सायकल चुकीच्या सॅगलाही सांभाळून घेते, १२०ची घेत नाही.

चढाओढ

सांभाळून घेते म्हणून तर कोणी मोजत नाही!

बरं, टायरचा मुद्दा मान्य. पण तो दोन्हीकडे लागू आहे. १२०च्या सायकलला पुढे २.४ इंची ट्रेल टायर, १८० मिमीचा रोटर (ब्रेकची चकती), १५० मिमीचा ड्रॉपर. पाऊण किलो वाढेल, तरी तेराच्या आतच राहते. ७०-७५ किलोच्या माणसाला ट्यूबलेसमध्ये पुढे २०, मागे २२ पीएसआयपासून सुरुवात, सीलंट (छिद्र बुजवणारं द्रव) चाकाला १०० ते १२० मिली. दोन-तीन महिन्यांनी टायर हलवून कान द्या, खळखळ नसेल तर सीलंट वाळलं. फक्त घेण्याआधी दोन गोष्टी मोजा. मागच्या रोटरची कमाल मर्यादा, काही एक्ससी फ्रेमला ती १६०च असते. आणि सीट ट्यूबमध्ये ड्रॉपर किती खोल जातो. नळी मध्येच वाकलेली असेल किंवा पिव्होट आड येत असेल तर १५०चा ड्रॉपर आत जातच नाही आणि खोगीर चार बोटं उंच राहतं.

खडीवाट

१४०ला ही अडचण नसते?

ग्रीसचा_डबा

कमी असते, तिथे सीट ट्यूब मुद्दाम आखूड आणि सरळ ठेवतात. १७०-२०० सहज बसतो. हा उतारू यांच्या बाजूचा खरा मुद्दा, त्यांनी मांडलाच नाही.

अवांतर: दोन्ही जातींत एक नवी डोकेदुखी आलीय, हेडसेटमधून (हँडल-फोर्क फिरवणाऱ्या बेअरिंगांमधून) आत जाणाऱ्या केबल. वरचं बेअरिंग बदलायचं तर मागच्या ब्रेकची नळी सोडवा, पुन्हा ब्लीड करा (नळीतली हवा काढा). वीस मिनिटांचं काम अर्ध्या दिवसावर. हेड ट्यूबच्या बाजूला केबलची भोकं असलेली फ्रेम मिळत असेल तर त्यासाठी शंभर-दोनशे ग्रॅम सोडायला हरकत नाही.

उतारू

ड्रॉपरचा मुद्दा उधार घेतो. पण मी १४०वरच.

चढाओढ

रहा. मागचं टायर तेवढं बदला.