गुडघ्यात 'कट्' आवाज आला, एक्स-रे नॉर्मल. निवड चाचणी खेळू का?

चढाईबहाद्दर: मॅटवर चढाईत वळलो, पाऊल तिथेच रुतलं आणि गुडघा आत गेला. 'कट्' आवाज पकडीतल्या पोरांनीही ऐकला. रात्रीपर्यंत गुडघा टम्म. एक्स-रेत हाड शाबूत. आता सूज उतरलीय, सरळ चालतो, पण जिना उतरताना गुडघा सटकतो. घरचे म्हणतात, हाडवैद्याकडून चोळून घे. पुढच्या महिन्यात जिल्हा निवड चाचणी आहे.

फिजिओताई: खेळू नकोस आणि चोळूनही घेऊ नकोस. एक्स-रेत लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) दिसतच नाही. आवाज, काही तासांत भरलेली सूज (म्हणजे बहुधा सांध्यात रक्त) आणि हे सटकणं, यावरून एसीएल हे लिगामेंट फाटल्याचा दाट संशय येतो. मांडीचं हाड आणि नडगी यांना सांध्याच्या आतून तिरकं बांधणारा हा जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा पट्टा. नडगीला पुढे सरकू देत नाही, पीळ पडू देत नाही. म्हणून तर सरळ चालताना तुला काही जाणवत नाही.

ऑर्थोपेडिककडे जा. ते गुडघा थोडा वाकवून, एका हाताने मांडी धरून, दुसऱ्याने नडगी पुढे ओढतील. धड गुडघ्यात ओढ ठक्कन अडते, फाटलेल्यात ढिली जात राहते. तेव्हा मांडी सैल सोड. खेळाडू हमखास ताठ करतात आणि काही कळत नाही! एमआरआयमध्ये दोन हाडांमधली गादी (मेनिस्कस) फाटलीय का तेही दिसेल.

डावाकोपरा: माझं एमसीएल (गुडघ्याच्या कडेचं लिगामेंट) नुसत्या ब्रेसवर भरलं. याला का नाही चालणार?

फिजिओताई: एमसीएल सांध्याबाहेर, रक्तपुरवठा चांगला. एसीएल सांध्यातल्या द्रवात, तिथे रक्ताची गुठळी धरत नाही, तुटलेली टोकं सहसा जुळत नाहीत. ऑपरेशन सगळ्यांनाच लागतं असं नाही, ऑफिस-घर करणाऱ्याचं व्यायामावर भागू शकतं. पण कबड्डीत पाय रोवून गर्रकन वळायचं असतं. ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा मांडीच्या मागचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) काढून नवा पट्टा बसवतात. दुखणं लवकर थांबतं, पट्टा मात्र सुरुवातीचे काही महिने कच्चाच असतो. मैदानावर उतरायला किमान ९ महिने धर.

चढाईबहाद्दर: सोमवारची वेळ घेतली. पण हाडवैद्य आमचे मामाच आहेत, त्यांना काय सांगू?

फिजिओताई: मामांनाच सोबत ने. आणि तोवर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबत राहा, मांडी वाळायला नको.