सुदान निधी: बँकेने रक्कम अडवली आहे, शनिवारच्या आत ठराव हवा

प्रेषक: खजिनदार

नमस्कार मंडळी,

सोमवारी पाठवलेली रक्कम गेलेली नाही, बँकेने ‘होल्ड’वर ठेवली आहे. कारणाच्या रकान्यात ‘दारफुरमधील विस्थापित कुटुंबे, सुदान’ असं होतं, तिथेच तपासणीत अडकलं. त्यांना मंडळाची घटना हवी आहे, पैसे शेवटी कोणाच्या हातात पडणार याचं लेखी उत्तर हवं आहे, आणि कार्यकारिणीच्या ठरावाची सही-शिक्क्याची प्रत. सचिव, ठराव तुमच्या फाइलमध्ये आहे. शनिवारपर्यंत गेला नाही तर व्यवहार रद्द होईल आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

प्रेषक: ढोल पथक

काका, रकान्यात नुसतं ‘देणगी’ लिहा आणि परत पाठवा. सुदान शब्द दिसला की सॉफ्टवेअर थांबवतं, बाकी काही नाही. माझ्या ऑफिसातल्या सुदानी मित्राचे पैसे असेच अडकले होते, दुसऱ्या वेळी ‘घरखर्च’ लिहिलं आणि गेले. दारफुरमधल्या अल-फाशर शहराच्या वेढ्यात लोकांनी अंबाज खाऊन दिवस काढले. अंबाज म्हणजे शेंगदाण्याची पेंड, आपण गुरांपुढे टाकतो ती. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस शहर आरएसएफ या निमलष्करी दलाच्या हाती पडलं, वाचले ते चालत जवळच्या तवीला गावाला पोचले. त्यांच्यासाठी गोळा केलेले पैसे एका शब्दापायी पडून राहावेत हे मला पटत नाही.

प्रेषक: माजी अध्यक्ष

अजिबात नको. बँकेने प्रश्न विचारला म्हणजे नोंद झाली. त्यानंतर तीच रक्कम शब्द गाळून पाठवली तर ती लपवाछपवी ठरते. मित्राने घरी पाठवणं वेगळं आणि नोंदणीकृत संस्थेने पाठवणं वेगळं. खातं गोठवलं तर शाळेच्या शिक्षकांचं मानधनही अडकेल.

आणि मुळात आपण काही चुकीचं करत नाही. सुदानवरचे अमेरिकेचे सरसकट व्यापारी निर्बंध २०१७ सालीच उठले. आता आहेत ते ठरावीक माणसांवर आणि कंपन्यांवर. जानेवारी २०२५ मध्ये आरएसएफचा प्रमुख हेमेदती आणि त्याच्याशी लढणारा सुदानचा लष्करप्रमुख बुऱ्हान, दोघांवरही आले. बँक त्या याद्यांशी नावं ताडून बघते. सुरक्षा परिषदेचा डिसेंबर २०२२ चा ठराव क्रमांक २६६४ जोडा. संयुक्त राष्ट्रांच्या मालमत्ता गोठवण्याच्या निर्बंधांतून मानवतावादी मदत त्यात वगळलेली आहे.

घटनेतलं कलम मी अध्यक्ष असतानाच घालून घेतलं होतं, ‘आपद्ग्रस्तांस साहाय्य, देश कोणताही’. तेव्हा विरोध कोणी केला ते इथे लिहीत नाही.

प्रेषक: कपडे-ब्लँकेट समिती

कलम कोणी घातलं यावर नंतर बोलू. सप्टेंबरच्या बैठकीत मी वस्तू पाठवू म्हणाले होते. ब्लँकेटला कोणी निर्बंधांची यादी लावत नाही. वाळवंटातल्या रात्री डिसेंबर-जानेवारीत गारठतात, आणि तवीलाला लोक काटक्या-कापडाच्या आडोशाला झोपताहेत. खोके बांधून तयार आहेत. कंटेनरचं बघायला एक माणूस द्या, बाकी आम्ही करतो.

प्रेषक: पुस्तकपेटी

ताई, तुमच्या मेहनतीबद्दल आदर आहे, पण कंटेनर जाणार कुठून? डुआला बंदरात उतरवायचा, कॅमेरूनमधून चाडमध्ये न्यायचा, आणि मग अख्खा चाड ओलांडून सुदानच्या सरहद्दीवर आद्रेला. दोन हजार किलोमीटरहून जास्त रस्ता, त्यातला बराच कच्चा. भाडंच ब्लँकेटांच्या किमतीच्या वर जाईल, आणि माल पोचेपर्यंत थंडी सरलेली असेल.

१९९३ मध्ये किल्लारीला मी औषधांच्या गाडीबरोबर गेलो होतो. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पावसात भिजत पडलेले. एका ढिगावर जरीचा शालू होता, त्याला ड्रायक्लीनची चिठ्ठी तशीच. तिथल्या बाया वापरायच्या नऊवारी, त्या ढिगाकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. एक म्हातारी मला म्हणाली, बाबा, तवा हाय का? तवा कोणीच आणला नव्हता.

प्रेषक: कपडे-ब्लँकेट समिती

आम्ही शालू घेतलेले नाहीत. धुतलेले स्वेटर आणि नवी ब्लँकेट्स आहेत, यादी सचिवांकडे आहे.

प्रेषक: हळदीकुंकवाच्या वहिनी

एरवी मी या धाग्यांवर लिहीत नाही. आमचे हे २०२३ च्या एप्रिलमध्ये खार्तूमला होते, युद्ध पेटल्यावर भारतीयांना बाहेर काढणाऱ्या ऑपरेशन कावेरीत सुटून आले. बसने पोर्ट सुदान, तिथून नौदलाच्या जहाजाने जेद्दा. त्यांना बसपर्यंत नेऊन सोडणारा त्यांचा ड्रायव्हर मात्र मागे राहिला. त्याला कुठलं जहाज नव्हतं. नंतर तो बायकामुलांना घेऊन तीनदा हलला, आता चाडमध्ये आहे.

फोनवर त्याने आजवर आमच्याकडे कपडे मागितलेले नाहीत. पैसे मागतो, तेही ओशाळून. सुदानात असताना बँकेच्या ॲपवर पैसे पोचायचे, पण नोटा हातात घ्यायच्या तर व्यापारी कमिशन कापायचा. तरी त्याला पैसेच बरे वाटायचे, कारण एका आठवड्यात मुलाचं औषध लागायचं आणि पुढच्या आठवड्यात गाढवगाडीचं भाडं. काय लागेल ते इथे बसून मला कसं कळणार?

त्यांच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी चालवलेल्या सामुदायिक स्वयंपाकघरात, तकाया म्हणतात त्याला, ही मंडळी कित्येक महिने जेवली. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबली तेव्हा अशी बरीच स्वयंपाकघरं बंद पडली. ती चालवणाऱ्या इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्सना, म्हणजे तिथल्या स्वयंसेवकांच्या गटांना, २०२५ चा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला आहे. पैसे तिथे पोचतील असं बघा.

प्रेषक: ढोल पथक

वहिनी, हे वाचून मी पुन्हा तेच म्हणेन, लवकर पाठवा. पण शब्द गाळायचा आग्रह सोडतो. बँकेच्या फॉर्ममधलं इंग्रजी उत्तर मी आज रात्री लिहून देतो.

प्रेषक: खजिनदार

वहिनी, त्या गटांना आपण थेट पैसे पाठवू शकत नाही, त्यांची नोंदणी आणि खाती बँक मागते तशी नाहीत. म्हणूनच इथली नोंदणीकृत संस्था निवडली आहे. ती त्यांना निधी देते आणि हिशेब आपल्याला देते. ‘पैसे शेवटी कोणाच्या हातात’ या प्रश्नाला हेच उत्तर जाईल, सुदान आणि दारफुर हे शब्द ठेवून. ठराव २६६४ जोडतो.

ताई, तुमची खोकी इथल्या निर्वासित केंद्राला चालतील का ते विचारलं. नवी ब्लँकेट्स ते आनंदाने घेतील, स्वेटर बघून सांगतो म्हणाले.

सचिव, ठराव?

प्रेषक: सचिव

आत्ताच गावाहून आले. ठराव सापडला, पण त्यावर अध्यक्षांची सही आहे आणि माझी नाही, शिक्काही नाही. शिक्का शाळेच्या कपाटात आहे आणि किल्ली बालवर्गाच्या बाईंकडे. बाई, उद्या सकाळी नऊला दारात भेटता का? खजिनदार, स्कॅन दहापर्यंत पाठवते.

प्रेषक: बालवर्ग

साडेआठला या, नऊला मुलं येतात.