‘काही नाही, घरीच असायची’, मग म्हशी का विकल्या?

(एका चर्चेतले संदेश. प्रत्येकाच्या आधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

वारणाकाठ:

सांगलीत एका वकिलांकडे मी बारा वर्षं टायपिंग करते. मोटार अपघाताच्या भरपाईचे अर्ज बहुतेक माझ्याच हातून जातात. त्यात मयताचं वय, व्यवसाय, महिन्याचं उत्पन्न असे रकाने असतात. वयावरून गुणक ठरतो आणि उत्पन्नाला त्याने गुणायचं असतं. उत्पन्नाचा आकडा खाली गेला की पुढचं सगळंच खाली जातं.

गेल्या महिन्यात वाळव्याकडचे एक दादा आले होते. बायको अपघातात गेलेली, वय ३८. व्यवसाय विचारला तर म्हणाले, "काही नाही ओ, घरीच असायची." मी तसंच टाइप केलं. मग त्यांना पाणी दिलं, तेव्हा जरा बोलते झाले. दोन म्हशी होत्या, त्या विकल्या म्हणाले. का विकल्या? "धार कोण काढणार? वैरण, शेणघाण, दोन्ही वेळचं दूध डेअरीला घालणं, सगळं तीच बघायची." डेअरीचं पुस्तक कोणाच्या नावावर? "माझ्या."

माणूस वाईट नव्हता. डोळे पुसत बोलत होता. ती काही करत नव्हती असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि तेच मला तेव्हापासून टोचतंय.

५ जानेवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका जोडप्याच्या अपघाती मृत्यूच्या दाव्यात गृहिणीच्या कामाचं मोल धरलंच पाहिजे असं सांगितलं. त्या निकालात २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीतले आकडेही आहेत: बिनपगारी घरकामात बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, पुरुषाचे ९७. त्याआधी २०१० मध्ये याच न्यायालयाने नाराजी व्यक्त केली होती, कारण २००१ च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांबरोबर एकाच गटात टाकलं होतं.

माझं मत स्पष्ट आहे. तेच काम घराच्या आत केलं आणि बापयाच्या नावावर नोंदलं की ते काम राहतच नाही. आपली कुटुंबाची घडी या हिशोबावर उभी आहे आणि त्यात बाईचं नुकसान आहे.

यंत्रमाग:

ताई, त्या माणसाबद्दल वाईट वाटलं. पण त्याच्या एका वाक्यावरून सगळ्या कुटुंबव्यवस्थेला आरोपी करू नका.

माझे वडील इचलकरंजीत दुसऱ्याच्या मागावर बारा-बारा तास उभे राहिले. कानाने कमी ऐकू यायला लागलं, कापसाच्या बारीक तंतूंनी खोकला कायमचा जडला. आठवड्याचा पगार ते जसाच्या तसा आईच्या हातात द्यायचे आणि विडीकाडीला तिच्याकडूनच मागून घ्यायचे. आता सांगा, कोण कोणाचं शोषण करत होतं?

ज्या पाहणीचे आकडे तुम्ही दिलेत तिचीच दुसरी ओळही वाचा. कमाईच्या कामात पुरुषाचे सरासरी ४५९ मिनिटं, बाईचे ३३३. एक बाहेर राबतो, एक आत राबते. दोघांची बेरीज करून बघा. याला कामाची वाटणी म्हणतात, आणि ती होती म्हणून आम्ही चार भावंडं शिकलो. आईच्या भाकरीचा दर ठरवायला गेलात तर घराची खानावळ होईल.

वर्गशिक्षिका:

मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. यंत्रमागदादांचा मुद्दा वर्गात दरवर्षी कोणीतरी मांडतंच, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टॅलकॉट पार्सन्स १९५० च्या दशकात हेच म्हणत होता. नवरा कमावणार, बायको मायेने घर सांभाळणार, दोन्ही भूमिका एकमेकींना पूरक, म्हणून कुटुंब टिकतं. ऐकायला गोड आहे. फक्त घर सांभाळणारीला त्यात कसं वाटतं हे तिला विचारायचं राहून गेलं होतं.

ते ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ॲन ओकलीने विचारलं. लंडनमधल्या ४० गृहिणींच्या तिने मुलाखती घेतल्या आणि १९७४ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. तोवर घरकाम हा समाजशास्त्राचा विषयच नव्हता, ‘बाईचा स्वभाव’ म्हणून तो सोडून दिलेला. ओकलीने त्याकडे कारखान्यातल्या कामासारखं पाहिलं: किती तास, किती एकसुरी, किती एकटेपण. आठवड्याला सरासरी ७७ तास भरले.

आता आकड्यांबद्दल. बेरीज करा म्हणालात, पण हे आकडे ज्यांनी त्या दिवशी ते काम केलं फक्त त्यांचेच आहेत. घरकामाला हात लावणाऱ्या बायका ८१ टक्के, पुरुष २६ टक्के. म्हणजे ते ९७ मिनिटं चारातल्या एका पुरुषाचे. उरलेल्या तिघांचे शून्य. तुमचे ४५९ सुद्धा कामावर गेलेल्यांचेच, हेही मान्य करते. पण कमावती बाई घरी आली की तिची दुसरी पाळी सुरू होते, हे ३३३ कडे बघताना विसरू नका. २०२४ च्या पाहणीत घरकामाचे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बाईचे दहा मिनिटं कमी झाले आणि पुरुषाचेही नऊ.

तुमच्या वडिलांच्या कष्टांना यातून काही उणेपणा येत नाही. मला विचारायचंय ते वेगळंच आहे. घर कोणाच्या नावावर होतं?

डोंबिवलीची:

मला दोन्ही बाजूंचं पटत नाही, म्हणून लिहिते.

२०११ मध्ये सासऱ्यांना अर्धांगवायू झाला आणि मी बँकेतली नोकरी सोडली. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मला मुलीसारखं वागवलं होतं, त्यांना परक्या माणसाच्या हातून भरवून घ्यायला लागू नये असं मला वाटलं. सहा वर्षं केलं. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. ते गेले तेव्हा पाठीवर एक ओरखडा नव्हता. मला त्याचा अभिमान आहे.

आता स्त्रीवादी मैत्रिणी मला सांगतात की हा निर्णय माझा नव्हताच, व्यवस्थेने माझ्याकडून करवून घेतला. म्हणजे नोकरी तर गेलीच, आता निर्णयही माझा नाही? यात मला समजून घेतल्यासारखं अजिबात वाटत नाही. उलट माझ्या वतीने दुसरंच कोणीतरी बोलतंय असं वाटतं.

वर्गशिक्षिका:

ताई, तुमचा निर्णय मी तुमच्याकडून काढून घेणार नाही, आणि जे घेतात ते चुकतात. फक्त एक सांगा. नोकरी कोणी सोडायची, हा प्रश्न तुमच्या मिस्टरांसमोर आला होता का?

डोंबिवलीची:

नाही आला. त्यांचा पगार जास्त होता. तो जास्त का होता हे तुम्ही पुढे विचाराल, तेही मला माहीत आहे. बाळंतपणानंतर मी बढती नाकारली होती, बदली झाली असती म्हणून. हे सगळं मला दिसतं. तरी ती सहा वर्षं माझी आहेत.

पाटोदेकर:

तुमची चर्चा दोन दिवस वाचतोय. यात आमच्या घरातली बाई कुठेच नाही.

मी बीड जिल्ह्यातला, ऊसतोड कामगारांचा मुलगा. आमच्याकडे मजूर माणसांवर मोजत नाहीत, कोयत्यावर मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती जोडप्याला, पण पैसे मोजून घेतो नवरा. माझी आई पहाटे तीनला उठून चुलीवर भाकऱ्या थापायची, मग फडात दिवसभर वडील तोडतील तो ऊस गोळा करून मोळ्या बांधायची, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढायची. वडील कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीवर, आले की टेकायचे. ती पाण्याला जायची. आजारी पडली तर खाडा, आणि खाड्याचे पैसे दोघांच्या हिशोबातून कापले जायचे.

म्हणून ‘एक बाहेर राबतो, एक आत राबते’ हे आमच्याकडे कधी खरं नव्हतंच. ती बाहेरही राबली आणि आतही. पोरगा अर्धा कोयता राहू नये म्हणून त्याचं लग्न लवकर उरकतात, आणि त्यासाठी कोणाची तरी पोरगी शाळेतून काढली जाते. कुटुंब कशासाठी असतं यावर पुस्तकं लिहिणाऱ्यांनी एकदा कारखान्याच्या तळावर येऊन बघावं. आमच्याकडे लग्नच मजुरीचा करार आहे.

मॅडम, तुमच्या लंडनच्या ४० बायकांचं दुःख मी खोटं म्हणत नाही. पण घरात कोंडली गेलेली बाई आणि घरात टेकायलाही न मिळणारी बाई, दोघींना एकच औषध कसं चालेल?

वर्गशिक्षिका:

चालणार नाही. पुणे विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे वर्षानुवर्षं हेच सांगत होत्या, की जात बाजूला ठेवून ‘भारतीय स्त्री’ असं काही बोलताच येत नाही. तुम्ही लिहिलंत ते मी वर्गात वाचून दाखवू का? नाव-गाव न घेता.

पाटोदेकर:

दाखवा. खाड्याचं मात्र नक्की वाचा.

यंत्रमाग:

पाटोदेकर, तुमच्या आईला माझा नमस्कार.

पण मूळ प्रश्न उरतोच. घरात सुनेला जाच कोण करतं? बहुतेक वेळा सासू. बाईच बाईला छळते, मग पुरुषसत्ता आली कुठून?

वर्गशिक्षिका:

तुर्की अभ्यासक डेनिझ कांदियोती यांनी १९८८ मध्ये याचं उत्तर दिलंय. सासर-माहेराच्या या पद्धतीत नवी सून सगळ्यात खाली असते. ना जमीन, ना पैसा, ना शब्दाला वजन. तिला वर चढायचा एकच जिना असतो, मुलगा व्हावा आणि त्याची बायको घरात यावी. तीस वर्षं सोसून तो जिना चढलेली बाई त्याचा एक दगडही हलू देणार नाही. सासूच्या हातात जे असतं ते मुलावरचं वजन आहे. सातबारा तिच्याही नावावर नसतो.

म्हापसेकर:

नावावरून आठवलं. आमच्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज संहितेपासूनचा रिवाज आहे. वेगळा करार केला नसेल तर लग्नाबरोबर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, अर्धी अर्धी. बायकोच्या सहीशिवाय घर विकता येत नाही. माझ्या मावशीचं घर केवळ त्या सहीने वाचलं. मावसे कर्जात बुडाले होते, गिऱ्हाईक दारात उभं होतं, आणि ती पेन हातात घेऊन सकाळी दहापासून दुपारपर्यंत गप्प बसून राहिली. शेवटी गिऱ्हाईक उठून गेलं.

सगळं आलबेल आहे असं नाही. जुन्या संहितेत मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडेच दिलेला, आणि दटावून सह्या घेतल्या जातातच. पण नकार द्यायला कागदावर जागा तरी आहे. महाराष्ट्रात का नाही?

वारणाकाठ:

महाराष्ट्रात प्रयत्न झाले होते. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. नंतर शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा केला. आता १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. तिच्या नावाने घर घेणारे आमच्या ऑफिसात येतात, बोलतात सगळं नवरेच. तरी मी त्यांना कधी अडवत नाही. नाव लागलं ते लागलं.

यंत्रमाग:

वर्गशिक्षिका ताई, तुम्ही विचारलं होतं ते राहिलं. घर वडिलांच्या नावावर होतं. ते गेल्यावर आम्हा भावंडांची नावं लागली, आईचंही लागलं. नंतर कर्ज काढताना तिचा हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला. मीच घेतला. तिने वाचायला सांगितलं नाही, मी वाचून दाखवलं नाही. तिचा अपमान होतोय असं तेव्हा मनातही आलं नव्हतं.

‘शोषण’ हा शब्द माझ्या वडिलांना मी आजही लावणार नाही. पण त्या कागदाचं काय करता येईल ते सांगा. आई अजून आहे.

वारणाकाठ:

तो कागद घेऊन या, आमच्या वकिलांना दाखवू. हिस्सा परत द्यायचा असेल तर बक्षीसपत्र करता येतं. भावंडांशी आधी बोलून घ्या.

त्या दादांचं सांगायचं राहिलं. मी त्यांना दूध संस्थेतून पावत्या आणायला सांगितल्या. काल घेऊन आले, जुन्या वहीची पानंही होती बरोबर. खातं त्यांच्याच नावावर. पण वहीत बिल घेतल्याच्या रकान्यात दर दहा दिवसांनी एकच सही आहे, तिची. ‘सौ.’ लिहून पुढे नाव, अक्षर जरा डावीकडे झुकलेलं. ते बराच वेळ त्या पानावरून बोट फिरवत होते. मग म्हणाले, "ताई, ते पहिलं खोडा."

व्यवसायाच्या रकान्यात मी आता ‘दूधव्यवसाय, शेती व घरकाम’ असं टाइप केलंय.