२००८ च्या मंदीतली पैज : तुमची कोणती होती?

सप्टेंबर २००८ मध्ये लीमन ब्रदर्स ही अमेरिकेतली बडी गुंतवणूक बँक बुडाली, त्या आठवड्यापासून आमच्या डोंबिवली लोकलच्या ग्रुपमध्ये पत्ते बंद आणि शेअर बाजार सुरू. जानेवारीत २१,२०६ ला शिवून आलेला सेन्सेक्स दिवाळीपर्यंत दहा हजारांखाली जाणार की नाही, यावर पैज लागली. हरणाऱ्यांनी अख्ख्या ग्रुपला वडापाव द्यायचे. दोन्ही बाजूंची नावं लिहिलेली चिठ्ठी मी पासच्या प्लास्टिक पाकिटात, पासच्या मागे ठेवली. मी 'नाही जाणार'वाल्यांत. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, २७ ऑक्टोबरला, तो ७,६९७ पर्यंत घसरला. वडापाव आम्ही दिले, पण जिंकलेल्यांनाही ते गोड लागले नाहीत. त्यांचेही पैसे त्याच बाजारात होते.

चिठ्ठी आजही माझ्याकडे आहे. नंतर जो तो 'मी तर म्हणतच होतो' म्हणतो, म्हणून हा धागा. तेव्हा काय वाटलं होतं, का वाटलं होतं, पुढं काय झालं, ते लिहा.

हिंजवडी

आमची पैज डॉलरवर. जानेवारी २००८ मध्ये तो चाळिशीच्या आत होता. शेजारच्या डेस्कवरचा मित्र म्हणाला, वर्षाच्या आत पन्नास. मी म्हटलं, शक्यच नाही. मिसळीवर पैज. त्याचं म्हणणं साधं होतं : परदेशी गुंतवणूकदारांना तिकडे पैशांची नड लागली की ते इथले शेअर विकून डॉलर घेऊन जाणार. तसंच झालं, वर्ष सरायच्या आत डॉलरनं पन्नाशी ओलांडली. रुपया पडला की आयटीचं भलं, असं आम्ही धरून चाललो होतो. पण अमेरिकेतल्या क्लायंटनं प्रोजेक्टच गुंडाळलं तर चढा दर लावणार कशावर? फेब्रुवारीत मित्राला बेंचवरून, म्हणजे हातात प्रोजेक्ट नसताना, घरी पाठवलं. शेवटच्या दिवशी मिसळ खायला गेलो. पाव संपले तरी तो रस्सा मागवत राहिला, उठावंसंच वाटत नव्हतं त्याला. दीड वर्षानं पुन्हा नोकरी लागली तेव्हा पहिला फोन त्यानं मला केला.

कोल्हापूर

आमच्या फाउंड्रीत तीन पाळ्यांची एक झाली होती. मार्चपर्यंत तिन्ही सुरू होतील अशी वडिलांनी कच्चा माल देणाऱ्या काकांशी पैज लावली आणि ते हरले. काकांनी पैजेचं काही घेतलं नाही, उलट उधारीची मुदत वाढवून दिली.

सिडनी

इथं अशी एक पैज देशभर गाजली. अर्थतज्ज्ञ स्टीव्ह कीन म्हणत होते, घरांच्या किमती ४० टक्क्यांनी पडतील. तसं होणार नाही म्हणणारे दुसरे अर्थतज्ज्ञ रोरी रॉबर्टसन यांनी त्यांच्याशी पैज लावली : हरेल त्यानं कॅनबेराहून माउंट कोझियस्को या इथल्या सर्वांत उंच शिखरापर्यंत चालत जायचं, दोनशेहून जास्त किलोमीटर. आमच्या घरात नवरा कीन यांच्या बाजूचा, 'थांबू या' म्हणणारा; मी म्हणायचे, आत्ताच घेऊ. मध्यवर्ती बँकेनं व्याजदर ७.२५ वरून एप्रिल २००९ पर्यंत ३ टक्क्यांवर आणला, पहिलं घर घेणाऱ्यांचं अनुदान सरकारनं वाढवलं आणि किमती पुन्हा चढल्या. एप्रिल २०१० मध्ये कीन खरोखर चालत निघाले. मला त्यांच्याबद्दल तेव्हाही आदर वाटला, आजही वाटतो. आमच्याकडे ठरल्याप्रमाणे नवऱ्यानं पुरणपोळ्या केल्या. पुरण सैल झालं, पोळ्या फुटल्या, त्यानं ते परत गॅसवर ठेवून आटवलं. घर मात्र उशिरामुळे बरंच महाग पडलं, ते अजून सलतं.

सांगली

मी निवृत्त शिक्षक. लोकसभेच्या निवडणूक निकालानंतर बाजार कोसळणार, असं मी म्हणालो. ब्रोकरच्या ऑफिसातला मुलगा म्हणाला, चढणार. महिनाभराच्या चहावर ठरलं. सोमवार, १८ मे २००९. दोनदा वरचं सर्किट (बाजार फार चढला की व्यवहार थांबवणारी मर्यादा) लागलं, सेन्सेक्स २,११० अंशांनी वर आणि व्यवहार बंद. स्क्रीनवरचे आकडे जागच्या जागी, समोरची माणसं मात्र उभी राहिलेली. मी आठवडाभर आधीच सगळे शेअर विकले होते. त्या मुलानं महिनाभर माझा चहा घेतला आणि रोज संध्याकाळी माझ्या जुन्या शेअरांचे भाव कागदावर लिहून हातात दिले. जुलैत तेच कागद पुढ्यात घेऊन मी पुन्हा पहिली खरेदी केली.