अनुभव धागा: रात्री अडीचला लागणारा कागद

गेल्या महिन्यात रात्री अडीचला बाबांना दरदरून घाम फुटला, छातीत जड वाटायला लागलं. 108 ला फोन केला. गाडीतल्या डॉक्टरांनी तीनच गोष्टी विचारल्या: रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, कशाची ॲलर्जी, जुना ईसीजी आहे का. तिन्हींची उत्तरं घरातच होती. म्हणजे 2011 पासूनची गलेलठ्ठ फाइल कपाटात आणि कपाटाची किल्ली आईच्या कुठल्याशा पर्समध्ये. मी आपलं "रात्रीची ती छोटी पांढरी" एवढंच सांगू शकले. "ताई, निम्म्या गोळ्या पांढऱ्याच असतात," ते म्हणाले.

बाबा आता बरे आहेत, एक स्टेंट बसला. पण तेव्हापासून डोक्यात हेच आहे. तुम्ही घरच्यांच्या आजारपणाचे कागद कसे सांभाळता, जवळ काय बाळगता? फसलेले प्रयोग आधी लिहा. डॉक्टर-हॉस्पिटलांची नावं नकोत.

कंदी पेढा
फसलेला प्रयोग? घ्या. सासऱ्यांचा ईसीजी चुरगळू नये म्हणून चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे लॅमिनेट करायला दिला. मशीनमधून बाहेर आला तो तव्यासारखा काळाकुट्ट! ईसीजीचा कागद थर्मल असतो, उष्णता लागली की काळा पडतो, हे मला ठाऊक नव्हतं आणि त्या पोरालाही. तो बिचारा पैसेच घेईना. नुसता ठेवला तरी काही वर्षांत फिका पडतो म्हणे. आता ईसीजी हातात आला की घरी जायच्या आधी झेरॉक्स, वर पेनाने तारीख.

रातपाळी
बारा वर्षं कॅज्युअल्टीत नर्स आहे, म्हणून जरा लांबण लावते.

लोक रक्तगट मोठ्या अक्षरात लिहून आणतात. चांगलं आहे, पण रक्त चढवायच्या आधी तो आम्ही तपासतोच, क्रॉसमॅचही (दात्याच्या रक्ताशी जुळणी) करतो. त्यापेक्षा चालू गोळ्या लिहा. कंपनीचं नाव नको, पट्टीवर बारीक अक्षरात असतं ते मूळ औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, कोणत्या वेळी. ॲलर्जी लिहिताना नेमकं काय झालं होतं तेही लिहा. अंगावर गांधी उठणं वेगळं, घसा सुजून श्वास कोंडणं वेगळं. स्टेंट, पेसमेकर असेल तर कधी बसवला.

आणि जुने आकडे तारखेसकट. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) 1.8 आलं, तर दोन वर्षांपूर्वी 1.7 होतं की सहा महिन्यांपूर्वी 0.9, यावर पुढची सगळी धावपळ ठरते. ईसीजीचंही तेच. लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयातल्या विद्युत संदेशाच्या वाटेतला अडथळा, ईसीजीत दिसतो) जुनाच आहे हे दाखवणारा एक झेरॉक्स असला, तरी डॉक्टरांना निर्णय घेणं सोपं जातं.

फाइल लावताना नवं वर, जुनं खाली. बहुतेक घरांत उलटं असतं.

नीरेकाठचा
आई दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर जाते. साखरेच्या गोळ्या चालू. ओझं नको म्हणून तिने पट्ट्या कात्रीने कापून एकेक गोळी सुटी केली आणि बटव्यात टाकली. लोणंदला चक्कर आली. शिबिरातल्या डॉक्टरांनी बोटाला टोचलं तर साखर 58. बटवा उघडला तर चंदेरी तुकडे, एकावरही पूर्ण नाव नाही. एकावर नुसतं 'मिन', एकावर नुसती किंमत.

आता बटव्यात प्लास्टिकच्या पिशवीत चिठ्ठी असते. औषधांची नावं इंग्रजीत, बाकी मराठीत, खाली दिंडी क्रमांक आणि माझा नंबर. बॉलपेननेच लिहा. पहिली जेलपेनने लिहिली होती, सासवडच्या पावसात तिची निळी रांगोळी झाली.

दुबईकर
इकडे आईबाबांना बोलावणाऱ्यांसाठी. ट्रामाडॉल, कोडीनसारखी आपल्याकडे सर्रास लिहून मिळणारी औषधं इथे नियंत्रित यादीत आहेत, आधी परवानगी काढावी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी टाइप केलेली आणा, अक्षर इथे कुणाला लागत नाही. (तिथेही फक्त मेडिकलवाल्यालाच लागतं म्हणा.)

चौदा आकडी
आभा नंबर (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा चौदा आकडी क्रमांक) काढा जरूर, पण गैरसमज नको. नंबर काढला म्हणजे जुने रिपोर्ट आपोआप येऊन बसत नाहीत. लॅब किंवा दवाखाना त्या व्यवस्थेला जोडलेला हवा, तिथे नंबर द्यायला हवा, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं तर तुमची संमती लागते. आणि आभा म्हणजे पाच लाखांचं आयुष्मान कार्ड नव्हे. आमच्या सोसायटीत यावरून एक अख्खी मीटिंग झाली.

फोनच्या लॉक स्क्रीनवर आणीबाणीची माहिती भरता येते, पासवर्डशिवाय दिसते. दोन मिनिटांचं काम आहे.

अनामिक
मी डिप्रेशनच्या गोळ्या घेते. सासरी माहीत नाही. पर्स घरात कुणीही उघडतं, त्यामुळे हा कागद लिहायला मला तीन वर्षं लागली. शेवटी आजाराचं नावच लिहिलं नाही. फक्त औषध आणि डोस, लोहाच्या आणि थायरॉइडच्या गोळीच्या मध्ये. कळायचं त्याला कळेल.

रातपाळी
@अनामिक, अगदी बरोबर केलंत. आम्हाला औषधाच्या नावावरून कळतं, आजार लिहायची गरज नाही. कुणी लिथियमवर (हेही मानसिक आजारावरचंच औषध) असेल तर मात्र ते वगळूच नका. आयबुप्रोफेनसारखी साधी वेदनाशामक गोळी दिली तरी लिथियमची रक्तातली पातळी वाढू शकते.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार, बाबांचा कागद लिहिला. एक शंका: परवा डॉक्टरांनी त्यातली एक गोळी बंद केली. खोडून बाजूला लिहू का?

रातपाळी
खोडू नका. नवा लिहा, वर तारीख घाला. आणि जुना फाडून टाका, नाहीतर ऐन वेळी तोच सापडतो.

धागाकर्ती
फाडला. बाबा हळहळले, म्हणे किती दिवसांनी अक्षर बरं काढलं होतंस.