पिशवी शिवली म्हणून गोळी बंद करू नका

ठोके अनियमित असलेले बरेच रुग्ण विचारतात की बायपासच्याच वेळी हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याची छोटी पिशवी बंद केली, तर रक्त पातळ करायची गोळी सोडता येते का. नाही. २०२१ च्या लाओस-३ (LAAOS III) अभ्यासात ठोके अनियमित असलेल्या ज्या रुग्णांची हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी पिशवी बंद केली, त्यांच्यात सरासरी ३.८ वर्षांत रक्ताच्या गाठीमुळं पक्षाघात किंवा शरीरात इतरत्र गाठ अडकणं ४.८ टक्के जणांना झालं; पिशवी बंद न केलेल्यांत ७ टक्के. पण बहुतेकांची गोळी सुरूच होती. हा फायदा गोळीच्या जोडीला मिळालेला आहे.

ऑपरेशनआधी सर्जनला विचारा: पिशवी कशी बंद करणार, आणि टेबलवरच अन्ननलिकेतून सोनोग्राफी करून तपासणार का? टाक्यांमधून फट राहिली किंवा बुंध्याशी मोठा खळगा उरला, तर तिथं रक्त साचून गाठ होऊ शकते.

आपल्याकडे संधिवाताच्या तापानं झडप आकसलेले रुग्ण बरेच. त्यांना, आणि धातूची झडप बसवलेल्यांना, रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्या (अपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन, डॅबिगॅट्रान) चालत नाहीत. वॉरफरिन किंवा अॅसिट्रोम या जुन्या गोळ्याच. या गोळ्यांवर धातूची झडप नसेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा रक्ततपासणीचा आकडा) साधारण २ ते ३ हवा. पावसाळ्यात तरोटा, अंबाडी रोज ताटात आली की पाल्यातल्या व्हिटॅमिन के मुळं तो खाली येतो. भाजी सोडू नका, वर्षभर प्रमाण सारखं ठेवा. निंदणानं कंबर धरली म्हणून गावात डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन तर अजिबात नको: कुल्ल्यात रक्ताची गाठ होते, पोटातही रक्तस्राव होतो. पॅरासिटॅमॉल घ्या, तेही रोज लागत असेल तर आयएनआर लवकर तपासा.