हाताने रंगवलेली कॉपी घरात लावावी की नाही? (घरी यावरून वाद चालू आहे)

निळीशाई:
हॉलची एक भिंत रिकामी आहे आणि मला तिथे व्हॅन गॉगचं स्टारी नाइट हवंय, प्रिंट नको, कॅनव्हासवर ऑइलमध्ये हाताने केलेलं. नवरा म्हणतो नक्कल ती नक्कलच, त्यापेक्षा कॅलेंडर टांग. आता मूळ चित्र न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात, ते काय माझ्याकडे राहायला येणारे का? आणि प्रिंट सपाट दिसते हो, त्या आकाशातले रंगाचे जाड थर त्यात पार मरून जातात. तुमचं काय मत?

आडवातिडवा:
माझं मत नवऱ्याच्या पारड्यात टाका. ही चित्रं बनतात कशी ते बघितलंय का कधी? चीनमध्ये शेनझेनला दाफेन म्हणून एक वस्ती आहे, १९८९ च्या सुमारास हाँगकाँगच्या एका व्यापाऱ्याने तिथे हा धंदा सुरू केला, पुढे हजारो लोक त्यात शिरले. मोठी ऑर्डर असली की ओळीने कॅनव्हास लावायचे, एकाने सगळ्यांची आकाशं उरकायची, दुसऱ्याने झाडं. हात लागलाय हे खरं, पण तेवढंच. व्हॅन गॉगचा ब्रश वळला कारण तो काहीतरी शोधत होता, यांचा वळतो कारण फोटोत वळलाय.

कुंचलेवाली:
शेवटचं वाक्य टाळ्या घेणारं आहे, पण खुद्द व्हॅन गॉगने काय केलं तेही सांगा की. १८८९ मध्ये सेंट-रेमीच्या ज्या इस्पितळात हे स्टारी नाइट झालं तिथेच बसून त्याने मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून वीसेक चित्रं केली, समोर मूळ नव्हतंच, काळ्यापांढऱ्या छापील प्रती होत्या. रुबेन्ससारख्या मोठ्या चित्रकारानेही टिशन या आधीच्या चित्रकाराच्या कॉप्या केल्या. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात तर आजही परवाना काढून लोक मूळ चित्रापुढे इझल, म्हणजे कॅनव्हासचा स्टँड, लावून बसतात, फक्त आकार मूळ चित्राएवढा ठेवायचा नाही आणि सही उतरवायची नाही. कॉपी म्हणजे फसवणूक नव्हे, सही मारून खरं म्हणून विकलं तर फसवणूक.

आडवातिडवा:
अहो मिलेचं चित्र घेऊन रंग त्याने स्वतःचे घातले! चाल दुसऱ्याची, गळा आपला. दुकानातल्या कॉपीत गळाच नसतो, त्याचं काय?

भिंगवाला:
तुम्ही दोघं तत्त्वावर भांडताय, मी पैसे घालवून शहाणा झालोय म्हणून लिहितो. मी व्हर्मीरची ती मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी मागवली होती. मूळ चित्रात तो मोती म्हणजे जवळजवळ काहीच नाही, वर एक पांढरा ठसठशीत ठिपका आणि खाली पांढऱ्या कॉलरचं मंद प्रतिबिंब, बास. कडा नाही, अडकवायची कडीसुद्धा नाही, उरलेलं आपला डोळा भरतो. माझ्याकडे जे आलं त्यात सगळीकडून बाह्यरेषा काढून मधे राखाडी रंग भरलेला, वर कडी पण दिलेली. शर्टाचं बटण वाटतं! त्यात मूळ चित्र जेमतेम ४४.५ बाय ३९ सेंमी आणि मी हौसेने घेतलं तीन फूट उंच, मुलीचा चेहरा हंड्याएवढा झाला. आता ते कपाटामागे आहे.

कुंचलेवाली:
😂 कडी पण? म्हणजे रंगवणाऱ्याने मोती बघितलाच नाही, ‘मोती’ हा शब्द रंगवला.

आडवातिडवा:
माझंच म्हणणं झालं की हे.

भिंगवाला:
नाही हो, कारण चांगली कॉपीही बघितलीय, एका ओळखीच्यांकडे, त्यात कडा बरोबर विरघळवलेल्या. सरसकट नाही म्हणता येत. निळीशाईताई, घेण्याआधी एक करा, खिडकीच्या कडेच्या उजेडात तिरका धरून काढलेला फोटो मागा, थर असतील तर सावल्या पडतात. आल्यावर भिंग लावून बघा, बारीक ठिपके दिसले तर ती प्रिंटच, वरून नुसते पारदर्शक जेलचे फटकारे मारलेले असतात, आणि गंमत म्हणजे ते फटकारे खालच्या चित्राच्या दिशेने जातच नाहीत. जाड ऑइल आतून वाळायला महिने लागतात, वॉर्निशची घाई करू नका. गुंडाळून येणार असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा म्हणावं, नाहीतर थर चुरगळतात.

कुंचलेवाली:
आणि क्लिम्टचं ‘किस’ हे चित्र वगैरे मोहात पाडेल तर लक्षात ठेवा, मुळात खरा सोन्याचा वर्ख आहे, कॉपीत बहुतेक वेळा नुसता सोनेरी रंग, तो उजेडात पिवळा पडलेला दिसतो. पिकासो नको, तो १९७३ लाच गेला, म्हणून कॉपीराइटची भानगड अजून आहे.

आडवातिडवा:
एवढे उपद्व्याप करण्यापेक्षा एखाद्या जिवंत चित्रकाराचं छोटं ओरिजिनल घ्या ना, कुणाचं तरी घर चालेल.

निळीशाई:
घेईन की, पण त्याने स्टारी नाइटची भूक भागत नाही, ते वेगळं. बाकी आकाराचं वाचून आज मूळ मापाचा, ७३.७ बाय ९२.१ सेंमी, वर्तमानपत्राचा तुकडा कापून भिंतीला चिकटवला. नवरा लांबून बघून म्हणाला, एवढंसंच? घेतेच आहेस तर मोठं घे.

भिंगवाला:
त्यांना माझं कपाट सरकवून दाखवतो.